सोनाराने कान टोचले

गेल्या डिसेंबरात जोडून सुट्टी आली म्हणून ऑफिसातल्या एका मित्राबरोबर त्याच्या गावी, रत्नागिरीला गेलो होतो. त्याचे काका मच्छीमार बोटीवर तांडेल आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला मिरकरवाडा बंदरावर बोट दाखवायला घेऊन गेले. मी पडलो पक्का पुणेकर. मासा बघितलाय तो ताटातच. त्यामुळे केबिनमध्ये शिरल्यावर माझं लक्ष सवयीप्रमाणे आधी स्क्रीनकडे गेलं.

"काका, हे काय?"

"फिशफाइंडर. मासे बघायचा टीव्ही म्हण हवं तर."

काकांनी तो चालू करून दाखवला. निळी पार्श्वभूमी, खाली जाड लाल पट्टा. पट्टा म्हणजे समुद्राचा तळ, आणि मध्ये ढगासारखं काही दिसलं की समजायचं मासा. बंदरात अर्थातच ढग-बिग काही नव्हता. मधूनच एक ठिपका सरकत गेला. "हा मासा का?" मी उत्साहाने विचारलं. "छे रे, प्लास्टिकची पिशवी असेल," काका म्हणाले.

परत येताना त्यांनी सहज एक वाक्य टाकलं. "आमचे बाबा पाण्याचा रंग आणि पक्षी बघून जाळं टाकायचे. त्यांना काही दिसायचं नाही, पण मिळायचं. आम्हाला सगळं दिसतं. मिळण्याचं मात्र विचारू नको."

हे वाक्य डोक्यातून जाईना. जास्त दिसतंय तर जास्त मिळायला हवं ना? पुण्याला आल्यावर दोन-तीन वीकएंड यावर वाचत बसलो. जे सापडलं ते इतकं ओळखीचं निघालं की शेवटी हा लेख लिहायला घेतला.

तर गोष्ट सुरू होते टायटॅनिकपासून. (सिनेमा नव्हे, जहाज.) एप्रिल १९१२ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेयेला, भर समुद्रात हिमनगावर आपटून टायटॅनिक बुडालं. अंधारात हिमनग आधी कसा कळेल, या प्रश्नामागे बरेच लोक लागले. अलेक्झांडर बेम या जर्मन शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. रेजिनाल्ड फेसेंडेन या कॅनडात जन्मलेल्या संशोधकाने एप्रिल १९१४ मध्ये 'मायामी' नावाच्या अमेरिकन जहाजावरून प्रत्यक्ष प्रयोगच केला. पाण्यात आवाज सोडला, आणि सुमारे तीन किलोमीटरवरच्या हिमनगावरून प्रतिध्वनी आला. शिवाय खालून समुद्राच्या तळाचाही आला. हा प्रयोग झाला ग्रँड बँक्सच्या परिसरात, म्हणजे न्यूफाउंडलंडजवळच्या उथळ समुद्रात. या जागेचं नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला परत इथेच यायचंय.

यामागची कल्पना अगदी शाळकरी आहे. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला तर तळ १५०० मीटर खोल. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पॉल लान्जव्हँने क्वार्ट्झ स्फटिक वापरून कानाला ऐकू न येणारा, एका दिशेने जाणारा आवाज तयार केला आणि पाणबुड्या शोधायचं तंत्र हाती आलं. त्यालाच नंतर सोनार म्हणायला लागले. (मराठी माणसाला हा शब्द ऐकून गळ्यातलं आठवतं, त्याला इलाज नाही.)

आता यात मासे कुठून आले? बऱ्याच माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तरंगण्यासाठी. माशाचं मांस आणि पाणी यांत आवाजाला फारसा फरक जाणवत नाही, पण हवेवर तो आपटून परत येतो. म्हणजे खरं तर आपल्याला मासा दिसतच नाही, त्याच्या पोटातली हवा दिसते. १९३५ मध्ये ऑस्कर सुंड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने 'नेचर' मासिकात लोफोटेनजवळच्या कॉड माशांचे असे आलेख छापले. तळाच्या बऱ्याच वर, कागदावर माशांचा एक सलग पट्टा उमटला होता. त्याच दशकात इंग्लंडमधला रॉनी बॉल्स नावाचा हेरिंग पकडणारा कप्तान खोली मोजायचं यंत्र घेऊन स्वतःच मासे शोधायला लागला होता.

हे यंत्र बाजारात आणायचं श्रेय मात्र जपानकडे जातं. नागासाकीजवळच्या कुचिनोत्सु गावात फुरुनो बंधूंचं रेडिओचं दुकान होतं. बोटींवर विजेची कामंही ते करायचे. मासे जिथे असतात तिथे बुडबुडे येतात, असं त्यांना एका कोळ्याने सांगितलं आणि डोक्यात दिवा पेटला, अशी गोष्ट सांगतात. युद्धानंतर उरलेली नौदलाची यंत्रं घेऊन त्यांनी खटपट केली आणि १९४८ मध्ये फिशफाइंडर विकायला काढला. सुरुवातीला कोळ्यांचा विश्वासच बसेना. धाकट्या भावाने बोटींवर जाऊन, मासे पकडून दाखवून तो बसवला. आज जगभरच्या बोटींवर फुरुनोची यंत्रं आहेत. स्टार्टअपवाल्यांना आवडावी अशी गोष्ट आहे, पण ती इथे संपत नाही.

१९६० च्या दशकात नॉर्वे आणि आइसलंडच्या बोटींवर आजूबाजूला 'बघणारा' सोनार आला आणि प्रचंड जाळी यंत्राने ओढायची सोय झाली. हेरिंगचा थवा पडद्यावर दिसला की त्याला वेढा घालायचा आणि अख्खा थवा बोटीवर. १९६६ मध्ये या एका साठ्यातून सुमारे २० लाख टन मासा निघाला. दशक संपायच्या आत साठाच कोसळला. १९६७-६८ मध्ये आइसलंडची निर्यात जवळजवळ निम्म्यावर आली. थवा करून राहणाऱ्या माशाची हीच गोची आहे. संख्या कमी झाली तरी तो थव्यातच राहतो. थवे कमी होतात, पण सोनारवाल्याला उरलेला थवाही सापडतो. त्यामुळे शेवटपर्यंत जाळं भरूनच येतं.

आता थोडं विषयांतर. (आहे संबंध, थांबा.)

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका क्लायंटचं अॅप होतं. सर्व्हर सरासरी किती वेळात उत्तर देतो, याचा आलेख दर सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवायचं काम माझ्याकडे होतं. दोन महिने आलेख हिरवागार. उलट सुधारत होता! सपोर्टची मुलगी मात्र सारखी सांगत होती, "अरे, लोक वैतागलेत, फोन वाढलेत." आम्ही तिला आलेख दाखवायचो. शेवटी एके दिवशी सगळं बसलं, तेव्हा कळलं की ज्या रिक्वेस्ट टाइमआउट होत होत्या, त्या सरासरीत धरल्याच जात नव्हत्या. सिस्टिम जितकी आजारी, तितके जास्त टाइमआउट, तितकी उरलेल्यांची सरासरी छान. ती क्वेरी मीच लिहिली होती. मोजायचं होतं एक, मोजत होतो भलतंच, आणि जी खरं सांगत होती तिला आम्ही आकडे तोंडावर फेकत होतो.

आता चला ग्रँड बँक्सला.

ग्रँड बँक्सच्या उत्तर भागापासून वर लॅब्राडॉरपर्यंतचा कॉड हा जगातल्या सगळ्यात मोठ्या मासळीच्या साठ्यांपैकी एक. शेकडो वर्षं युरोपातून लोक इथे मासेमारीला येत. १९५४ मध्ये 'फेअरट्राय' हे पहिलं ब्रिटिश कारखाना-जहाज आलं. मासा पकडायचा, तिथेच कापायचा, तिथेच गोठवायचा. मग सोव्हिएत, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज जहाजं आली, फिशफाइंडरसकट. १९६८ मध्ये या कॉडची पकड ८ लाख टनांवर गेली. नंतर ती घसरत गेली, तेव्हा कॅनडाने १९७७ मध्ये किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचं क्षेत्र आपलं म्हणून जाहीर केलं. परदेशी जहाजं बरीचशी गेली, पण त्यांच्या जागी कॅनडाची स्वतःची ट्रॉलर आली.

आता कोटा ठरवायचा तर समुद्रात मासे किती, हे मोजायला हवं. त्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे सरकारी संशोधन जहाज ठरावीक पद्धतीने निवडलेल्या जागी जाळं टाकून बघणार, मग तिथे मासा असो वा नसो. दुसरा, ट्रॉलरला तासाभराच्या मासेमारीत किती मासा मिळतो ते बघायचं. जास्त मिळाला म्हणजे समुद्रात जास्त आहे.

बग दिसला का? ट्रॉलर कुठेही जाळं टाकत नाही. तो आधी पडद्यावर मासा बघतो, मग टाकतो. त्याचा आकडा सांगतो की शोधणारा किती हुशार झाला. शिल्लक किती, हे तो सांगतच नाही. १९८० च्या दशकात दोन्ही आकडे फटकून चालायला लागले. जहाजाचा कमी, ट्रॉलरचा जास्त. शास्त्रज्ञांनी काय केलं असेल? दोन्हींच्या मधला आकडा धरला. मी त्यांना हसणार नाही. दोन सेन्सर वेगळं सांगतायत म्हटल्यावर मीही हेच केलं असतं.

या सगळ्यात 'सपोर्टची मुलगी' होते किनाऱ्याजवळचे छोटे कोळी. त्यांचं साधन म्हणजे कॉड ट्रॅप. खोलीसारखं चौकोनी जाळं किनाऱ्याजवळ लावून ठेवायचं. उन्हाळ्यात केपलिन नावाच्या छोट्या माशामागे कॉड किनाऱ्याकडे येतो, तो आपोआप आत शिरतो. ट्रॅप कोणाच्या मागे जात नाही, एका जागी बसून राहतो. म्हणूनच त्याचा आकडा प्रामाणिक होता. १९८० च्या दशकात हे लोक सांगत होते की मासा कमी येतोय आणि जो येतोय तो लहान आहे. उत्तर मिळायचं की पाणी थंड असेल, म्हणून तुमच्याकडे फिरकत नसेल. ट्रॉलरना तर मिळतोय ना! अखेर त्यांनी १९८६ मध्ये विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांकडून स्वतःचा अहवाल करून घेतला.

१९८९ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा तपासला आणि आपण साठा फार फुगवून धरला होता हे त्यांच्या लक्षात आलं. कोटा होता २,६६,००० टन. सल्ला निघाला १,२५,००० चा. एवढी कपात केली तर कारखाने बंद पडतील म्हणून सरकारने ठेवला २,३५,०००. डेडलाइन जवळ आली की 'सध्या असंच रिलीज करू' म्हणतात ना, तसं.

२ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. गावंच्या गावं रिकामी झाली. पुढे १९९९ च्या एका संशोधनात दिसलं की अखेरच्या वर्षांत उरलासुरला कॉड एका भागात दाटीने गोळा झाला होता. म्हणजे साठा संपत असतानाच ट्रॉलरचा तासाचा आकडा वाढत होता. त्या काळात पाणी असामान्य थंड होतं हेही खरं, आणि त्याचा दोष किती, यावर आजही वाद आहेत. पण धोक्याची घंटा वाजायला हवी होती तेव्हा ती वाजली नाही, त्याचं कारण मोजमापात होतं.

बंदी दोन वर्षांची म्हणून आली होती. चालली ३२ वर्षं. जून २०२४ मध्ये ती उठली, १८,००० टनांच्या कोट्याने, आणि तेव्हाही घाई होतेय अशी टीका झालीच.

गंमत म्हणजे मधल्या काळात मासे हळूहळू परत येतायत, हे कळायला सोनारचाही मोठा उपयोग झाला. फरक एवढाच की आता तो ठरवून आखलेल्या रेषांवरून चालवला जात होता. मासा असेल तिथे आणि नसेल तिथेही. 'इथे काही नाही' हीसुद्धा नोंद धरली जात होती. शेवटी सोनारानेच कान टोचले म्हणायचे.

आपल्याकडे २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी केली. वाद अजून चालू आहेत. आपला समुद्र ग्रँड बँक्स नाही, मासेही वेगळे, त्यामुळे तिथला निष्कर्ष इथे चिकटवायचा आगाऊपणा मी करणार नाही.

पण त्या शनिवारी हे सगळं वाचून झाल्यावर मित्राच्या काकांना फोन केला. कॉडची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे त्या ट्रॅपवाल्यांना माहीत होतं?"

"हो काका."

"मग विचारलं का नाही कोणी त्यांना?"

याचं उत्तर मला सुचलं नाही. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मात्र सपोर्टच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "काय, फोन वाढलेत का?" एवढं मला जमण्यासारखं होतं. असो.