तळटीप : ‘दौंडचे डॉक्टर’
* म्हणजे जब्बार पटेल. दौंडला त्यांचा दवाखाना होता. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनीच बसवले (पहिला प्रयोग : पुणे, १६ डिसेंबर १९७२). नाना फडणवीसांची व ब्राह्मणांची बदनामी होते, या आक्षेपावरून १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने (पीडीए) ते थांबवले. थिएटर अकादमीने १९७४ मध्ये पुन्हा उभे केले. पुण्यातला वाद नानांच्या चारित्र्याभोवती फिरला. १९८०च्या दौऱ्यात युरोपातल्या प्रेक्षकापुढे मात्र नाना म्हणजे कुणीही सत्ताधीश. माझ्या मते नाटकाचा खरा घाव रंगमंचावर ओळीने उभ्या राहणाऱ्या नटांच्या गाणाऱ्या भिंतीत आहे : भास्कर चंदावरकरांच्या चालींवर आपणही डोलू लागतो, आणि तेवढ्यात तीच भिंत पाठ फिरवून पलीकडचे कुकर्म झाकते. नुसती संहिता वाचून हे कळत नाही. – संपा.