दुर्बीण गावात आली, पण कशासाठी?

आजच्या भागाचा विषय घरात सहसा कोणी मोठ्याने काढत नाही: सिझरनंतर शरीरसंबंधाच्या वेळी होणारं दुखणं, आणि त्यावरचं दुर्बिणीचं ऑपरेशन. त्याचाही एक इतिहास आहे.

पिपरी मेघेत माझ्या आजीला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की एकच गोष्ट आठवते, नसबंदी. असं का, ते बघू.

1910 साली स्वीडनच्या याकोबेयस या डॉक्टरने पोटाला छोटं छिद्र पाडून नळीतून आत बघितलं. 1940च्या दशकात पॅरिसमध्ये राउल पामर यांनी मूल होत नसलेल्या बायकांच्या तपासणीसाठी ही पद्धत रुळवली. आपल्याकडे मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडियांनी 1972 मध्ये दुर्बीण वापरायला सुरुवात केली. 1990 मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये त्यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीने पित्ताशय काढलं.

पण खेड्यातल्या बाईपर्यंत ही नळी पोचली ती कुटुंब नियोजनाच्या शिबिरांतून. बायकांची रांग, वर सरकारी टार्गेट. मूल थांबवायला यंत्र आलं, पण 'बाई, तुला कुठं दुखते का?' हे तिथं कोण विचारणार?

ते विचारलं गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि आपल्या वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 मध्ये 'लान्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. जगाला तेव्हा कळलं की बायका किती दुखणं अंगावर काढतात.

आता सिझरकडे येऊ. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरने होतं. बाहेरचा टाका भरतो, पण आत कधीकधी गर्भाशय मूत्राशयाला किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतं. मग संबंधाच्या वेळी ते मोकळं हलत नाही, ओढलं जातं आणि खोल कळ येते. असे पट्टे सोनोग्राफीत बरेचदा दिसत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बेंबीजवळ छोटा छेद घेतात, गॅस भरून पोट फुगवतात, कॅमेरा घालतात आणि बारीक कात्रीने पट्टे सोडवतात.

पण ही जादू नाही हं. 2003 मध्ये, पुन्हा 'लान्सेट'मध्येच, नेदरलँड्सचा 100 रुग्णांवरचा अभ्यास आला. जुनाट पोटदुखीत पट्टे सोडवलेल्यांना, नुसतं दुर्बिणीने बघितलेल्यांपेक्षा ठळक जास्त फायदा झाला नव्हता. पट्टे परत धरू शकतात, आतड्याला इजा होऊ शकते. शिवाय दुखण्याचं कारण वेगळंही असू शकतं: अंगावर पाजताना येणारा कोरडेपणा, जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस. म्हणून आधी नीट तपासणी, मग ऑपरेशनचा विचार.

पिपरीहून सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची मेडिकल कॉलेजं जवळच आहेत. यंत्र आहे, डॉक्टर आहेत. अडतं ते एका वाक्यापाशी: 'डॉक्टर, सिझर झाल्यापासून संबंधाच्या वेळी आत खोल दुखते.' हे वाक्य लिहून ठेवा, लाज वाटली तर चिठ्ठी दाखवा. आणि नवरे मंडळी, तुम्ही ऐकत असाल तर विचारा. 'होईल कमी' म्हणून टाळू नका.

भेटू पुढच्या भागात.