नोबुनागाचा वाडा, मिरजेची शकुंतला आणि हरिपूरचे देवल

थोडी लांब पोस्ट आहे, सवडीनं वाचा. सुरुवात जपानची आहे, पण गाडी मिरज-सांगलीवरूनच जाणार आहे.

जपानी कादंबऱ्यांचा एक प्रकार आहे, त्याला ‘बॉईज लव्ह’ म्हणतात. वाचणारे नुसतं ‘बीएल’ म्हणतात. दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या या गोष्टी बहुतेक करून बायकांनी लिहिलेल्या आणि बायकांनीच वाचलेल्या. त्यातला एक उपप्रकार माझ्या विशेष आवडीचा. आजच्या काळातला एखादा पोरगा जिन्यावरून घसरतो, नाहीतर देवळातल्या जुन्या विहिरीत डोकावतो, आणि डोळे उघडतो ते थेट चारशे वर्षांपूर्वीच्या जपानात. समोर घोड्यावर बसलेला सरदार. मग वेढे, फितुरी, खलिते, आणि या सगळ्या धामधुमीत हळूहळू फुलणारं प्रेम. पोरगा परत आपल्या काळात जाणार की तिथंच राहणार, या एका प्रश्नावर शेवटच्या पानापर्यंत जीव टांगणीला लागतो. मी हे इंग्रजी भाषांतरातून वाचते आणि मनापासून वाचते.

यावर आपल्याकडं दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘ही थेरं आपल्यातली नव्हेत.’ दुसरा, ‘इतिहासाची वाट लावतात.’ दोन्ही आक्षेप इतिहासाच्या नावानं आहेत, तर उत्तरही इतिहासातूनच शोधू.

आधी जपान बघू. १५८२ साली क्योतोच्या होन्नोजी मंदिरात ओदा नोबुनागाला त्याच्याच एका सरदारानं घेरलं. तिथं त्याच्याबरोबर मोरी रानमारू नावाचा तरुण सेवकही मेला. या दोघांचं नातं नेमकं काय होतं यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण कथाकारांनी ही जोडी कधीच सोडली नाही. सामुराईंमध्ये वडीलधारा योद्धा आणि कोवळा तरुण यांच्या नात्याची एक मान्य रीत होती, हे मात्र कागदोपत्री आहे. १६८७ साली इहारा साइकाकू या लेखकानं पुरुषांच्या प्रेमावरच्या ४० गोष्टींचं अख्खं पुस्तक छापलं. त्यात सामुराई आहेत आणि काबुकी नाटकातले नटही आहेत.

आजच्या नजरेला त्या जुन्या रीतीत खटकण्यासारखं बरंच आहे. एकजण वयानं आणि अधिकारानं मोठा, दुसरा पोरसवदा आणि हाताखालचा. त्याला ‘नाही’ म्हणायची सोय कितपत होती? कालप्रवासाची गंमत मला इथं वाटते. आजचा पोरगा त्या वाड्यात जाताना आपला काळ बरोबर घेऊन जातो. सरदारानं हुकूम सोडला की हा विचारतो, ‘का?’ तिथल्या कुणाला तो प्रश्न सुचलेला नसतो. सरदाराला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी मन जिंकावं लागतं. इतिहासात नसलेली बरोबरी कादंबरीवाल्या बायका अशा मागच्या दारानं आत आणतात. सगळ्याच कादंबऱ्या एवढ्या समंजस नसतात, हेही खरं. काहींत जबरदस्तीलाच प्रेमाचा मुलामा दिलेला असतो आणि बऱ्याचशा मोठ्यांसाठीच असतात. घरात वाचणारी मुलगी असेल तर पुस्तक हिसकावण्यापेक्षा याबद्दल तिच्याशी बोललेलं बरं.

आता इतिहासाच्या ‘वाट लावण्या’बद्दल. इतिहासात शिरून त्याला वेगळं वळण द्यायचा खेळ आपल्यालाही नवा नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एका इतिहासाच्या प्राध्यापकाला अशा जगात नेऊन सोडलं, जिथं पानिपतात विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. ते वाचून कुणी संस्कृती बुडाल्याची ओरड केली नाही. उलट वाचताना प्रत्येक मराठी माणसाला मनातून बरं वाटलं. मग जे घडलं नाही त्याची कल्पना करायची मुभा लढाईला आहे, ती प्रेमाला का नसावी?

आणि पहिला आक्षेप, आपल्यातलं नसल्याचा? त्यासाठी आपल्याच मातीत जाऊ.

१८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मोजतो आणि म्हणूनच सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो. त्या नाटकात सीताही पुरुषच होता. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं आपल्या नाटकांतल्या बहुतेक नायिका पुरुषांनीच उभ्या केल्या. ‘स्त्री पार्टी’ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या रोजच्या बोलण्यातला.

१९०५ साली मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीत एक सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. पलूस तालुक्यातलं नागठाणे आजही त्यांचं नाव अभिमानानं सांगतं. पुढं ते नेसत तशी साडी, माळत तसा गजरा, हीच घराघरांतल्या बायकांची फॅशन झाली. म्हणजे बाईनं कसं दिसावं, हे महाराष्ट्राच्या बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या. समोर दुष्यंत पुरुष, शकुंतला पुरुष. दोघांचा प्रणय रंगमंचावर चालू, आणि खाली प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतायत. आमच्या गावच्या नाटकवेड्या आजोबांना हे ‘आपल्यातलं नव्हे’ असं एकदाही वाटलं नसणार.

इथं एक खबरदारी घ्यायला हवी. कुणी स्त्रीची भूमिका केली म्हणून त्याच्या खासगी आयुष्याबद्दल अंदाज बांधणं हा इतिहास नव्हे, ती चहाटळ कुजबुज. मला नटांबद्दल काही म्हणायचं नाही, मी प्रेक्षकांबद्दल बोलतेय. दोन पुरुष प्रेमाचं नाट्य करतायत हे पक्कं माहीत असून ते प्रेम खरं मानायचं, त्यावर डोळे पुसायचे, ही कला आपल्या प्रेक्षकांना पुरेपूर येत होती.

जपानमध्येही हेच झालं होतं. १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या बाईनं काबुकी सुरू केलं, १६२९ मध्ये सरकारनं बायकांना रंगमंचावर बंदी केली आणि १६५२ मध्ये तरुण पोरांनाही. मग प्रौढ पुरुष स्त्रीभूमिका करू लागले, आणि ती परंपरा आजही चालू आहे. उलट बाजूनं, १९१३ साली इकडं गंधर्व नाटक मंडळी निघाली त्याच वर्षी तिकडं ताकाराझुका ही मुलींची मंडळी उभी राहिली. तिच्यात पुरुषांची कामंही बायकाच करतात आणि समोर प्रेक्षकही बहुतांशी बायकाच असतात. जपानी बायकांना बीएलची गोडी एकदम आकाशातून पडून लागलेली नाही.

आता एक गोष्ट नीट बघा. १९७० च्या दशकात केइको ताकेमिया आणि मोतो हागिओ या तरुण चित्रकथाकार बायकांनी मुलांमधल्या प्रेमाच्या कथा काढल्या, तेव्हा त्यांनी त्या जपानात घडवल्या नाहीत. ताकेमियाची १९७६ ची गाजलेली मालिका एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या वसतिगृहात घडते. हागिओची १९७४ ची कथा जर्मनीतल्या शाळेत. घरातलं बोलता येत नाही, तेव्हा माणूस दूरच्या देशाचं किंवा जुन्या काळाचं नाव घेतो.

आपण काय वेगळं केलं? सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांना माणसाच्या वासनेवर मोठी कादंबरी लिहायची होती, तेव्हा १९५९ साली त्यांनी ययातीला बोलावलं. प्रणयासाठी आपण दुष्यंताला बोलावलं. आजच्या माणसाला जे करायला परवानगी नाही ते राजाला, ऋषीकन्येला, पेशव्याला असते. जुना काळ म्हणजे आपल्यासाठी मुभा देणारा एक प्रेमळ मामा. कादंबरीतला तो जपानी पोरगा विहिरीतून ज्या मुभेकडं जातो, तिच्याकडंच आपण तिकीट काढून जात होतो.

पण या मुभेची किंमतही कुणीतरी भरत होतं. फडावर नाचणाऱ्या नाच्या पोराला रात्री शिट्ट्या पडायच्या आणि सकाळी पारावर त्याचीच टिंगल व्हायची. आनंद यादवांच्या ‘नटरंग’वरचा सिनेमा २०१० मध्ये आला, तेव्हा आपल्या भागात थिएटरं भरून वाहिली. पैलवान गडी नाच्या होतो आणि त्याच्या वाट्याला काय येतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सतीश आळेकरांचं १९७९ चं ‘बेगम बर्वे’ तर एका विसरलेल्या, उदबत्त्या विकून जगणाऱ्या स्त्री पार्टीवरच आहे. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये बायकांची कामं बायकांनी केली, बोलपट आले, आणि स्त्री पार्टीचा काळ उतरणीला लागला. बालगंधर्वांचं नाव राहिलं. पण त्यांच्यामागं दुय्यम भूमिकांत उभे असलेले कित्येक बर्वे कुठं गेले, त्याची नोंद ठेवावी असं कुणाला वाटलं नाही.

आणि या काळात कायदा काय म्हणत होता? १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६० मध्ये केलेला भारतीय दंड संहितेचा कायदा १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश मुलखात लागू झाला, म्हणून साताऱ्यातही. त्यातल्या कलम ३७७ नं पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवले. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. ब्रिटिशांचा कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे. म्हणजे हे कलम आपल्या सनातन धर्मातून नव्हे, गोऱ्या साहेबाच्या दप्तरातून साताऱ्यात आलं. जपाननंही पाश्चात्त्यांच्या प्रभावाच्या काळात, १८७३ च्या सुमारास असाच नियम केला होता. त्यांनी १८८२ च्या दंडसंहितेत तो गाळून टाकला. आपल्याकडं साहेब गेला तरी कलम राहिलं, ते ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं रद्द करेपर्यंत. १५६ वर्षं! खरा कालप्रवासी शोधायचा तर हे कलमच.

अर्थात कादंबऱ्या भरपूर निघाल्या म्हणून माणसांना हक्क मिळतात असंही नाही. बीएलचं माहेरघर असलेल्या जपानात समलिंगी जोडप्यांना लग्नाची सोय नसणं घटनाबाह्य आहे असं म्हणायला २०२१ चं सप्पोरोचं जिल्हा न्यायालय उजाडावं लागलं, आणि त्या निकालानं लगेच कायदा बदलला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला. गोष्टीतल्या माणसावर जीव लावायचा आणि शेजारच्या घरातल्या माणसाला बघून खिडकी लावून घ्यायची, हे तिथंही चालतं आणि इथंही.

म्हणून शेवटी हरिपूरला येते. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. दुष्यंत-शकुंतलांच्या त्या जमान्यात, १८९९ साली त्यांनी ‘संगीत शारदा’ आणलं. थेरड्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर. तिच्यासाठी देवलांनी पुराणातली राजकन्या शोधली नाही. तुमच्याआमच्या गल्लीतली मुलगी, तुमच्याआमच्या ओळखीचा लोभी बाप, आणि काळ म्हणजे आज. शारदेचं कामही पुरुषच करत होता, पण तिचं दुःख प्रेक्षकांना ‘फार पूर्वीचं’ म्हणून बाजूला ठेवता येईना. जरठ-कुमारी विवाह ही लाजेची गोष्ट आहे, असं लोक उघड बोलू लागले त्यात या नाटकाचा मोठा वाटा आहे.

या प्रेमाला मराठीत असा ‘आज’ अगदीच मिळाला नाही असं नाही. तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ लिहिलं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली. पण त्यांचं जग शहरी, शिकलेलं. आमच्याकडच्या माणसाची गोष्ट अजून यायची आहे. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या बरोबरीनं ‘मुस्कान’ ही पुरुष आणि तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांची संघटना उभी आहे. म्हणजे माणसं इथंच आहेत, कृष्णेच्या काठावर, आपल्याच एसटीत आपल्या शेजारच्या सीटवर. त्यांच्यातलं कुणी शेतकरी असेल, कुणी बँकेत, कुणी शाळेत मास्तर. त्यांना प्रेम करायला विहिरीत उडी मारून चारशे वर्षं मागं जावं लागू नये.

जपानी कादंबऱ्या मी वाचत राहणार, मजेत वाचणार, तुम्हीही वाचा. आणि आपल्यातला कुणी लिहिता हात ही पोस्ट वाचत असेल तर त्याला एक विनंती. सरदार नको, वाडा नको, तलवार तर नकोच. कऱ्हाडचा एसटी स्टँड घ्या, संध्याकाळची मिरज गाडी घ्या, दोन माणसं घ्या. आणि काळ देवलांनी घेतला तोच घ्या.