कोरियातला 'घरचा कर्ता' कागदावरून कसा गेला?

आज आपण कोरियाला जाणार आहोत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची कोरियाशी ओळख के-ड्रामातून झाली असणार. माझीही तशीच झाली. राजेरजवाड्यांच्या काळातली एखादी मालिका लावा. सून मान खाली घालून उभी, सासूचा दरारा, मुलगा झाला की घरभर आनंद आणि मुलगी झाली की सगळे गप्प. दोन-चार भाग बघितले की आपण मनाशी ठरवून टाकतो, हे हजारो वर्षं असंच चालत आलं असणार.

गंमत म्हणजे कोरियातही कित्येक लोक हेच मानत होते. पारंपरिक टोप्या-झगे घालून वयस्क मंडळी रस्त्यावर उतरायची आणि सांगायची, ही आमची प्राचीन परंपरा आहे, हिला हात लावू नका. ही परंपरा खरंच किती जुनी होती, ते आज आपण जुन्या कागदांवरून बघू.

सुरुवात एका नोटेपासून करू.

कोरियातली सगळ्यात मोठी नोट पन्नास हजार वॉनची. ती २००९ साली आली आणि तिच्यावर चित्र आहे शिन साइमदांग या बाईचं. जन्म १५०४, मृत्यू १५५१. उत्तम चित्रकार, कवयित्री. तिचा मुलगा यी आय हा मोठा कन्फ्यूशियन विद्वान, आणि तो पाच हजारांच्या नोटेवर आहे. म्हणजे आई आणि मुलगा दोघंही लोकांच्या पाकिटात! पण साइमदांगचं नाव ठरलं तेव्हा काही स्त्री-संघटनांनी नाराजी दाखवली. कारण पिढ्यान् पिढ्या तिला एकाच साच्यात बसवलं होतं: 'शहाणी आई, चांगली बायको'. मुलींनी असं व्हावं, म्हणून शाळेत जिचं उदाहरण देतात, ती ही.

आता तिचं प्रत्यक्ष आयुष्य बघा. लग्नानंतर साइमदांग बरीच वर्षं माहेरीच राहिली, पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग गावात. १५३६ साली यी आय जन्मला तो आजोळच्या घरात. ते घर आजही उभं आहे, लोक बघायला जातात. आणि तिनं काही बंड वगैरे केलं नव्हतं. त्या काळात लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी जाऊन राहणं ही अगदी सर्रास रीत होती. कोरियन भाषेत पुरुषाच्या लग्नासाठी आजही जो शब्दप्रयोग वापरतात, त्याचा मूळ अर्थ होतो 'सासरच्या घरी जाणे'. आपल्याकडे 'घरजावई' म्हटलं की लोक गालात हसतात. तिकडे एकेकाळी सगळेच घरजावई होते!

आणि वारसा? १५६६ सालचा एक वाटणीपत्राचा कागद कोरियात जपून ठेवलाय. साइमदांगची सात मुलं, चार मुलगे आणि तीन मुली, एकत्र बसून आईवडिलांची मालमत्ता वाटून घेतायत. मुलींचे वाटे मुलग्यांसारखेच. हा त्या कुटुंबाचा मोठेपणा नव्हता, कायदाच तसा होता. १४८५ च्या राजसंहितेत मुलगा-मुलगी दोघांनाही वारसा होता. पितरांचं श्राद्धसुद्धा भावंडं आळीपाळीनं घालायची, मुलीही त्यात असायच्या.

तो स्वर्गयुगाचा काळ होता असं मात्र मी म्हणत नाहीये. बायकांना परीक्षा देता येत नव्हत्या, दरबारात पद मिळत नव्हतं. आणि त्या १५६६ च्या कागदात जमिनीबरोबर गुलाम माणसंही वाटून घेतली होती. तरीही जमिनीवर मुलीचा हक्क होता, आणि तो कागदावर होता.

याच काळात पश्चिमेत काय चाललं होतं? इंग्लंडमध्ये लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाई नवऱ्यात विरघळून जायची. तिची रोकड, दागिने, सामानसुमान नवऱ्याचं व्हायचं. ही परिस्थिती नीट बदलायला १८८२ चा कायदा यावा लागला. म्हणजे सोळाव्या शतकात कुणी विचारलं असतं की विवाहित बाईची मालमत्ता कुठे जास्त सुरक्षित, लंडनला की गांगनुंगला, तर उत्तर गांगनुंग असंच आलं असतं.

मग कोरियात चक्र उलटं कधी फिरलं? सतराव्या शतकात. आधी १५९२ पासून जपानची आक्रमणं, नंतर मांचूंची. देश पार उद्ध्वस्त झाला. वरच्या वर्गातली घराणी आपली प्रतिष्ठा सावरायला कन्फ्यूशियन कर्मकांड जास्त कडक पाळायला लागली. दुसरीकडे दर पिढीत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडत होते. या दोन्हींवर एकच उपाय निघाला: श्राद्ध फक्त थोरल्या मुलानं घालायचं, आणि जो श्राद्ध घालेल त्याच्याकडे जमीन. १६६९ सालचा बुआन इथल्या किम घराण्याचा एक कागद आहे. त्यात घराणं स्पष्ट लिहितं की मुली लग्न होऊन दुसऱ्या घरी जातात, म्हणून यापुढे त्यांच्याकडे श्राद्ध नाही आणि वारसा एकतृतीयांशच. हळूहळू तोही गेला. 'लग्न झालेली मुलगी परकी' ही म्हण कोरियात घट्ट रुजली. आपल्याकडे 'मुलगी परक्याचं धन' म्हणतात, अगदी तेच.

१९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. जपाननं आपली कुटुंबनोंदणीची पद्धत कोरियावर बसवली. प्रत्येक घराचा एक कायदेशीर प्रमुख, त्याला कोरियन भाषेत म्हणतात 'होजू'. बाकी सगळे त्याच्या नावाखाली. 'शहाणी आई, चांगली बायको' हा शब्दप्रयोगही याच सुमारास जपानमधून आला. सोळाव्या शतकातल्या साइमदांगला विसाव्या शतकातलं लेबल चिकटवलं गेलं!

होजू पद्धत प्रत्यक्षात कशी चालायची? मुलगी जन्मली की बापाच्या नोंदवहीत. लग्न झालं की तिथून नाव काढून नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नोंदवहीत. नवरा गेला की होजूपद मुलाकडे. मुलगा दोन वर्षांचा का असेना, कागदावर तो आपल्या आईचा घरप्रमुख. घटस्फोट झाला तर मुलं बापाच्याच नोंदवहीत राहणार. आईनं एकटीनं वाढवली, खाऊपिऊ घातलं, फी भरली, तरी तिच्या घरच्या सरकारी कागदावर ते मूल 'सोबत राहणारी व्यक्ती'. म्हणजे पोटच्या पोराची नोंद भाडेकरूसारखी.

आणि आता यातली सगळ्यात मोठी विसंगती ऐका. जपाननं स्वतःच्या देशात ही पद्धत १९४७ साली मोडीत काढली. स्वतंत्र दक्षिण कोरियानं मात्र १९५८ च्या नागरी कायद्यात ती ठेवली, 'आमची परंपरा' म्हणून.

इथे या गोष्टीत येते ली ते-यंग. जन्म १९१४. नवरा स्वातंत्र्यचळवळीतला, जपानी राजवटीत तुरुंगात गेला, तेव्हा हिनं शिवणकाम करून घर चालवलं. देश सुटला आणि १९४६ साली, वयाच्या बत्तिशीत, मुलंबाळं असताना ती सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात कायदा शिकायला गेली. त्या विभागातली पहिली बाई. १९५२ मध्ये न्यायसेवेची परीक्षा पास झाली. तिला न्यायाधीश व्हायचं होतं, ते पद नाकारलं गेलं. मग ती देशातली पहिली महिला वकील झाली. १९५६ मध्ये तिनं गरीब बायकांसाठी मोफत कायदा-सल्ला केंद्र सुरू केलं. नवऱ्यानं टाकलेल्या, मुलं हिरावून घेतलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायका तिथे यायच्या. आणि ली ते-यंगच्या लक्षात आलं की एकेक केस लढून भागणार नाही, कारण बहुतेक केस एकाच कायद्यापाशी येऊन अडतायत.

१९७५ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी हुकूमशाहीविरुद्धच्या एका जाहीरनाम्यावर तिनं सही केली, आणि तिची वकिलीची सनद गेली. तरी लढा थांबला नाही. १९७७ मध्ये कायद्यात थोडी सुधारणा झाली. १९८९ च्या सुधारणेनं लग्न झालेल्या मुलींनाही वारशात समान वाटा दिला, तो १९९१ पासून लागू झाला. म्हणजे साइमदांगच्या मुलींना जे मिळालं होतं, ते परत मिळायला चारशेहून जास्त वर्षं गेली.

होजू मात्र शाबूत होता. आणि 'घराण्याचं नाव चालवायला मुलगाच हवा' या हट्टाची किंमत कुणी मोजली ते आकड्यांत दिसतं. १९९० साली कोरियात १०० मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्मले. सोनोग्राफीचं मशीन आणि जुनी नोंदवही एकत्र आली की काय होतं, ते महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या.

ली ते-यंग १९९८ मध्ये गेली. होजू जाताना तिनं पाहिला नाही. ३ फेब्रुवारी २००५ रोजी कोरियाच्या घटना न्यायालयानं सांगितलं की ही पद्धत माणसाच्या प्रतिष्ठेला आणि स्त्री-पुरुष समानतेला धरून नाही. परंपरेचा युक्तिवाद कोर्टासमोर होताच, पण तो टिकला नाही. पुढच्याच महिन्यात संसदेनं कायदा बदलला आणि १ जानेवारी २००८ पासून प्रत्येक माणसाची नोंद स्वतःच्या नावानं व्हायला लागली. २००५ च्याच जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक निकाल दिला. योंगिन इथल्या एका यी कुळाची जमीन विकली गेली होती आणि पैशाच्या वाटपात लग्न झालेल्या मुलींना डावललं होतं. कोर्ट म्हणालं, मुलीही कुळाच्या सदस्य आहेत.

तुम्ही म्हणाल, पश्चिमेत तर हे सगळं केव्हाच झालं असेल. थांबा जरा. फ्रान्समध्ये १८०४ च्या कायद्यात बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळावी असं लिहिलेलं होतं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायला आणि स्वतःचं बँक खातं उघडायला तिथल्या बाईला १९६५ उजाडावं लागलं. पश्चिम जर्मनीत घरसंसार सांभाळून जमत असेल तरच बायकोनं नोकरी करावी, हे कलम १९७७ मध्ये गेलं. स्वित्झर्लंडमध्ये नवरा हा कायद्यानं कुटुंबप्रमुख होता, तो १९८८ पर्यंत. आणि देशपातळीवर मतदानाचा हक्क तिथल्या बायकांना मिळाला १९७१ मध्ये. कोरियन बायका १९४८ सालापासून मत देत होत्या.

आडनावाचं बघा. पश्चिमेत लग्नानंतर बायका नवऱ्याचं आडनाव लावत आल्या, अजूनही कितीतरी लावतात. कोरियात बाई आपलं आडनाव कधीच बदलत नाही. ऐकायला किती पुढारलेलं वाटतं! पण याचा जुना अर्थ असा होता की ती सासरच्या रक्ताची नाही, बाहेरचीच आहे. नाव तिचं राहिलं आणि मुलं मात्र नवऱ्याच्या नावाची. आपल्याकडे तर आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायचे. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यानंतर कळलं, आणि ते मोठ्यानं उच्चारून बघताना मला ती कुणी वेगळीच मुलगी वाटली.

मग आता कोरियात सगळं छान आहे का? नाही. मूल बापाचंच आडनाव लावतं हा आजही तिथला मुख्य नियम आहे. आईचं द्यायचं असेल तर ते लग्नाची नोंद करतानाच ठरवावं लागतं. ओईसीडीच्या २०२२ च्या आकड्यांत बायकांची कमाई पुरुषांपेक्षा साधारण ३१ टक्क्यांनी कमी, त्या गटातली सगळ्यात मोठी दरी. मूल झालं की नोकरी सुटते, ही भीती खरी आहे. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ वर आला, म्हणजे एका बाईमागे एक मूलही नाही. दुसरीकडे तरुण मुलगे म्हणतात, सक्तीची लष्करी सेवा फक्त आम्हालाच. सैन्यात जाऊन आलेल्यांना सरकारी नोकरीच्या परीक्षेत जादा गुण मिळायचे, तेही १९९९ मध्ये घटना न्यायालयानं रद्द केले. त्यांचा राग निवडणुकीतही दिसतो. त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

पण एक गोष्ट बदलली आणि ती ठळक दिसते. मुलगा-मुलीच्या जन्मातलं ते भयंकर अंतर २००७ च्या सुमारास जवळपास नैसर्गिक पातळीवर आलं. शिक्षण, शहरं, पेन्शन, बायकांची कमाई, अशी कारणं त्यामागे बरीच आहेत. त्यात कायद्याचाही हात आहे असं मला वाटतं. मुलगी वारस असेल, नोंदवहीत टिकत असेल, तर मुलाचा हट्ट हळूहळू सैल पडतो.

२००५ हे साल आपल्यासाठीही मोठं आहे, माहितीये? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि देशभरातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. महाराष्ट्रानं तर ते १९९४ मध्येच केलं होतं. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रानं सक्तीचं केलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'आपल्यात पहिल्यापासून असंच आहे', तर भांडू नका. शांतपणे विचारा, पहिल्यापासून म्हणजे कुठल्या सालापासून? आणि सुट्टीत गावी गेलात की घरचा सातबारा एकदा मागून बघा. त्यावर आत्याचं, आईचं, बहिणीचं नाव आहे का? की 'हक्कसोड'वर सही घेऊन ते कधीच निघून गेलंय? नसेल तर का नाही, हे जेवताना विचारा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.