निर्णायक पुरावा : भारतीय तार-कायद्यातील एका कलमाचा इतिहास (१८८५–२०२४)

राजसत्ता आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या संघर्षाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी साहजिकच ठळक घटनांवर खिळते. राजद्रोहाचे खटले, स्थानबद्धतेचे हुकूम, वृत्तपत्रांवरील निर्बंध यांची दप्तरे विपुल आहेत आणि त्यांवर ग्रंथरचनाही पुष्कळ झाली आहे. त्या मानाने, वरकरणी केवळ तांत्रिक वाटणाऱ्या कायद्यांकडे फारसे लक्ष गेलेले नाही. १८८५ चा भारतीय तार अधिनियम हा असाच एक कायदा होय. तारेचे खांब, तारायंत्रे आणि तारमास्तर यांची व्यवस्था लावण्यासाठी तो झाला. परंतु त्याच्या पाचव्या कलमाने पुढे दूरध्वनी, भ्रमणध्वनी आणि अखेरीस आंतरजाल यांनाही आपल्या कक्षेत घेतले. १५ जुलै २०१३ रोजी भारतातील तारसेवा बंद झाली, तरी ते कलम त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षे अमलात होते. साधन नाहीसे झाले आणि अधिकार मागे उरला, हा प्रकार कसा घडला याचा विचार येथे कर्तव्य आहे.

भारतात तारेचा आरंभ सरकारी उपक्रम म्हणूनच झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये कलकत्त्यास विद्युत्-तारेचे प्रयोग केले. १८५१ च्या सुमारास कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्यामध्ये तार सुरू झाली आणि १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा व मुंबई ही स्थळे एका सूत्राने जोडली गेली. त्याच वर्षीच्या पहिल्या तार-कायद्याने तारमार्ग उभारण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे राखून ठेवला. सामान्य जनतेस तार करण्याची मुभा १८५५ मध्ये मिळाली. १८५७ च्या मे महिन्यात दिल्लीहून अंबाल्यास गेलेल्या तारेने पंजाबातील अधिकाऱ्यांना वेळीच सावध केले, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. तार ही व्यापाऱ्यांची सोय खरी, परंतु प्रथमतः ती राज्यरक्षणाचे साधन होय, ही धारणा भारतातील तारविषयक कायद्यांच्या मुळाशी आहे.

१८८५ च्या अधिनियमाचे पाचवे कलम या धारणेतून उतरले. सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास, अथवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या हिताकरिता, कोणत्याही व्यक्तीचा किंवा व्यक्तिवर्गाचा संदेश रोखून धरावा, अडवावा किंवा सरकारपुढे उघड करावा, असा हुकूम देण्याचा अधिकार त्याने गव्हर्नर जनरल, प्रांतिक सरकारे आणि खास नेमलेले अधिकारी यांना दिला. कलमाचे दुसरे पोटकलम अधिक महत्त्वाचे आहे. आणीबाणी खरोखरच आहे किंवा नाही, याविषयी शंका निघाल्यास सरकारच्या सचिवाच्या सहीचे प्रमाणपत्र हाच त्या बाबतीत निर्णायक पुरावा मानला जाईल, असे त्यात नमूद होते. म्हणजे अधिकार वापरणारा आणि तो वापरण्याजोगा प्रसंग आला आहे असे ठरविणारा, हे दोघे एकच. न्यायालयापुढे जावे तर तेथेही त्याच सचिवाचा कागद अखेरचा शब्द ठरणार! याच अधिनियमाने संदेश बेकायदा अडविणाऱ्या अथवा त्यातील मजकूर फोडणाऱ्या तारखात्याच्या नोकरास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती. नोकराने डोकावले तर तो गुन्हा आणि सरकारने डोकावले तर तो अधिकार, असा हा भेद होता.

ही रचना केवळ इंग्रजी परंपरेतून आली असे म्हणता येणार नाही. मॅझिनीची पत्रे गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकुमाने फोडली गेल्याचे १८४४ मध्ये उघडकीस येताच ब्रिटिश पार्लमेंटात मोठे वादळ उठले आणि मंत्र्यास तेथे जाब द्यावा लागला. हिंदुस्थानात जाब विचारणारी तशी सभाच नव्हती. १८९८ च्या भारतीय डाक अधिनियमाच्या २६ व्या कलमाने हीच तरतूद, निर्णायक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह, पत्रव्यवहारास लागू केली. पुण्यातील प्लेगची धामधूम, रँडचा वध आणि टिळकांवरील पहिला राजद्रोहाचा खटला या १८९७ मधील घटनांना तेव्हा वर्षही पुरते लोटले नव्हते. राजद्रोहाचे १२४-अ कलम व्यापक करण्यात आले आणि १५३-अ हे कलम नव्याने घालण्यात आले तेही १८९८ मध्येच. या सर्व कायद्यांमागील राज्यकर्त्यांची वृत्ती एकच होती, असे समजण्यास हरकत नाही.

स्वातंत्र्याबरोबर ही तरतूद लयास जावयास हवी होती, असे वाटणे स्वाभाविक आहे. तशी संधी आलीही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम होते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीने पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्कही प्रथम मान्य केला. परंतु सर बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी पोलीस-तपासाच्या अडचणी पुढे केल्या व सल्लागार समितीत तो गळला. ३० एप्रिल १९४७ रोजी सोमनाथ लाहिरी यांनी संविधान सभेत तो पुन्हा मांडून पाहिला, पण त्यांना यश आले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडती व जप्ती यांविरुद्ध संरक्षण देणारी दुरुस्ती सुचविली. असे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, तथापि पुढील विधिमंडळांनी ते काढून घेऊ नये म्हणून संविधानात असणे इष्ट, असे सांगून आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. मतदानात मात्र ती नामंजूर झाली. पुढे १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आणि १९६२ च्या खडक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क संविधानात नाही असे म्हटले. पहिल्या निकालात तर संविधानकर्त्यांनी असे कलम घातले नाही, हेच एक कारण म्हणून देण्यात आले. सभागृहात जे बहुमताअभावी राहून गेले, ते न्यायालयात जाणूनबुजून नाकारलेले ठरले.

१९७२ मध्ये पाचव्या कलमाची दुरुस्ती झाली. निर्णायक पुराव्याचे प्रमाणपत्र गेले. हुकुमाची कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन आले. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्यास चिथावणी देण्यास प्रतिबंध, ही पाच प्रयोजने संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाला धरून घालण्यात आली. ही सुधारणा क्षुल्लक नव्हती. तिचे फळ लवकरच दिसले. सट्ट्याच्या संशयावरून दूरध्वनी तोडल्याच्या हुकमचंद शामलाल प्रकरणात, देशात अंतर्गत आणीबाणी चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की केवळ आर्थिक निकड म्हणजे या कलमातील सार्वजनिक आणीबाणी नव्हे आणि अधिकाऱ्याने आपली खात्री स्वतः पटवून नोंदविली पाहिजे. तथापि मुख्य प्रश्न तसाच राहिला. प्रमाणपत्र गेले, पण प्रसंग ठरविणारा सचिव आपल्या जागी कायम होता.

सचिवाच्या निर्णयाची तपासणी कोणी करावी, हे कायद्याने एक शतकाहून अधिक काळ सांगितलेच नाही. नियम करण्याचा अधिकार सरकारला सातव्या कलमाने दिलेला असूनही या विषयावर नियम झाले नव्हते. दरम्यान दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणाने १९८८ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. डाकेच्या बाबतीत संसदेने १९८६ मध्ये अधिक व्यापक अधिकार देणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी ते १९९० मध्ये फेरविचारार्थ परत धाडले व २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले. अखेर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. हुकूम गृहसचिवाचाच असावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासावा, अशी बंधने त्यात घातली. आधी न्यायाधीशाची अनुमती घ्यावी ही याचिकाकर्त्यांची मागणी मात्र, कायद्यात तशी तरतूद नाही, या कारणाने मान्य झाली नाही. अमेरिकेत सामान्य गुन्ह्यांच्या तपासात ही अनुमती १९६८ पासून आवश्यक आहे. भारतातील पुनर्विलोकन समितीत सचिवच बसतात. सचिवाचा हुकूम सचिवांनी तपासावा, अशी ही योजना होय.

येथे तंत्रविद्येतील पालट विचारात घेणे अगत्याचे आहे. तारेच्या काळी संदेश अडविण्यास माणसे लागत. तार तारबाबूंच्या हातून जाई, ती कोणीतरी वाचावी लागे, नकलून घ्यावी लागे, वर पाठवावी लागे. पाळत ठेवण्याचा हा खर्च आणि ही दगदग हाच सरकारच्या अधिकाराला मोठा आळा होता. कायद्याने तो घातला नव्हता, यंत्राच्या उणेपणातून तो आपोआप आला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा आळा सुटला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात पुनर्विलोकन समितीचे काम अशक्यप्राय असल्याचे दाखविले आहे. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० हुकूम यावयाचे. इतक्या हुकुमांवर विचार होऊ शकत नाही, फार तर त्यांची मोजदाद होते. आंतरजाल बंद करण्याचे २०१७ चे नियमही १८८५ च्या कायद्याच्याच आधारे निघाले, हे याच विस्ताराचे दुसरे उदाहरण होय. एका माणसाची तार अडविण्याच्या अधिकारातून संपूर्ण जिल्ह्याचा संपर्क तोडण्याचा अधिकार निघाला.

याची दुसरी बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी हल्लेखोर व त्यांचे सूत्रधार यांची संभाषणे पकडली गेली आणि त्या खटल्यात ती महत्त्वाचा पुरावा ठरली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातील संभाषणे अडविण्याची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध ठरविली. राज्याला हा अधिकार मुळीच नसावा, असे म्हणणे टिकणारे नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी ऐकण्याचे हुकूम रद्द केले, तेही अधिकार नाकारून नव्हे, तर सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता यांपैकी काहीही तेथे सिद्ध होत नव्हते म्हणून. बाहेरच्या न्यायासनाने प्रसंगाची पारख केली तर कायदा निरर्थक होत नाही, उलट त्यास अर्थ येतो, हे या निकालावरून दिसते. ही पारख मात्र प्रकरण न्यायालयात आले तरच होते. ज्याच्यावर खटलाच भरला गेला नाही, त्याला आपले बोलणे ऐकले गेले हे कळविण्याची तरतूद नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले आणि एम. पी. शर्मा व खडक सिंग या निकालांतील विरुद्ध विधाने रद्दबातल ठरविली. १९४८ मध्ये हुकलेली गोष्ट सुमारे सत्तर वर्षांनी न्यायालयाच्या द्वारे संविधानात आली. त्यानंतर संमत झालेल्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने जुना तार-कायदा मोडीत काढला. त्याचे २० वे कलम २६ जून २०२४ रोजी अमलात आले. त्यात सार्वजनिक आणीबाणी व सार्वजनिक सुरक्षितता हे १८८५ चे शब्द पुन्हा आले आहेत, आणि आणीबाणीत आपत्ती-व्यवस्थापनाची भर पडली आहे. प्रसंग ठरविणारा अधिकारी अद्याप शासनातीलच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट चिंतनीय आहे. मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाच्या साधनांचे जे खंड काढले, त्यांत वसाहतकालीन सरकारी दप्तरांचाच आधार घेतलेला आहे. परकीय सरकारने पाळत ठेवली, परंतु पाळतीचे कागद जपले. म्हणून त्या सरकारचा न्यायनिवाडा इतिहासाला करता आला. २००७ च्या नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२४ च्या नियमांनीही, संदेश अडविण्याचे हुकूम व अडविलेले संदेश, कामासाठी आवश्यक नसल्यास, दर सहा महिन्यांनी नष्ट करावेत असे ठरविले आहे. संदेश नष्ट होणे हे नागरिकाच्या हिताचे आहे, यात शंका नाही. हुकूम नष्ट होण्याने मात्र त्याचे काहीच हित साधत नाही. हुकुमाचा कागद राहिला नाही, तर कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने आणि किती जणांविरुद्ध हा अधिकार वापरला गेला, हे पुढील पिढीला समजण्याचा मार्ग उरणार नाही. १८८५ मध्ये सचिवाचे प्रमाणपत्र न्यायालयापुढे निर्णायक पुरावा होते. ते रद्द होऊन अर्धशतक लोटले आहे. परंतु इतिहासापुढे कोणताही पुरावाच न ठेवणारी व्यवस्था त्या प्रमाणपत्राहून अधिक निर्णायक ठरण्याचा संभव आहे.