काचेच्या मण्यावरचा चेहरा: तंत्र, श्रम आणि इतिहास

दिल्लीच्या सदर बाजारात मण्यांच्या घाऊक दुकानांपुढे उभे राहिलात तर काचेचे मणी माळांनी, डझनांनी आणि किलोंनी विकले जाताना दिसतील. बहुतेक मणी गोल, लांबट किंवा पैलूदार असतात. त्यांत एखादाच मणी असा असतो की ज्याला डोळे, नाक, ओठ आणि काही भाव असतो. या टिपणात आपण त्या मण्याचा विचार करणार आहोत. प्रश्न साधा आहे: काचेच्या मण्यावर चेहरा कोण, केव्हा आणि कशासाठी घडवतो? उत्तर शोधताना एक सूत्र हाती ठेवा. मण्यावरचा चेहरा ही केवळ सजावट नसते. तो मणी कोणत्या तंत्राने झाला आणि त्यामागे श्रमाची कोणती व्यवस्था होती, याचा तो पुरावा असतो.

१. मणी करण्याच्या तीन रीती

पहिली रीत ओढण्याची. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी ठेवून तो लांब ओढला की बारीक नळी तयार होते. नळीचे तुकडे केले की मणी झाले. एका नळीतून हजारो सारखे मणी निघतात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे अशा मण्यांचे मोठे केंद्र होते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये तेथे उत्खनन केले. आंध्र प्रदेशातील पापनायडुपेट येथे ही ओढण्याची पद्धत आधुनिक काळापर्यंत टिकून राहिली.

दुसरी रीत गुंडाळण्याची. भट्टीतली मऊ काच लोखंडी सळईवर गुंडाळायची आणि थंड झाल्यावर सळई काढून घ्यायची. सळईच्या जागी मण्याचे भोक उरते.

तिसरी रीत ज्योतीवरची. हिलाच आज लॅम्पवर्क म्हणतात. इथे मोठी भट्टी लागत नाही. कारागीर काचेची कांडी ज्योतीत धरून तिचे टोक मऊ करतो आणि मातीचा लेप दिलेल्या सळईवर ते फिरवत मणी उभा करतो. पूर्वी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीला भात्याने हवा देत, म्हणून दिव्याचे नाव तंत्राला मिळाले. आज गॅसचा बर्नर असतो. व्हेनिसमध्ये ही कला विशेष वाढली. इटली आणि फ्रान्स यांच्या काचमणी कलेची नोंद युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली.

आता फरक लक्षात घ्या. पहिल्या रीतीत कारागिराचा हात एकेका मण्यापर्यंत पोहोचतच नाही. तिसऱ्या रीतीत प्रत्येक मणी स्वतंत्रपणे हातातून जातो. भाव असलेला चेहरा घडवायचा तर असा हात लागतो.

२. चेहरा घडतो कसा

सोडा आणि चुना असलेली साधी काच सुमारे ७००° सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागते. मऊ झालेली काच पृष्ठताणामुळे गोल होऊ पाहते. कारागिराची सारी अडचण इथेच आहे. त्याने उंचावलेले नाक आणि दाबलेली खोबण थोडी जास्त उष्णता मिळताच सपाट होते. उष्णता कमी पडली तर मण्याला तडा जातो.

म्हणून काम ठरावीक क्रमाने चालते. आधी त्वचेच्या रंगाचा मूळ मणी. मग टोकदार हत्याराने डोळ्यांच्या दोन खोबणी. त्यांत पांढऱ्या काचेचा ठिपका, त्यावर रंगीत ठिपका, त्यावर काळा. काचेचा थेंब लावून नाक, कपाळ आणि गाल उचलले जातात. केसासारख्या बारीक काचतंतूने पापण्या, भुवया आणि ओठ काढले जातात. पापणी किंचित खाली आली तर चेहरा झोपाळू दिसतो. भुवयांची आतली टोके वर गेली तर तो दुःखी होतो. भाव ठरतो तो अशा एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने. या साऱ्या वेळात मणी ज्योतीच्या कडेला फिरता ठेवावा लागतो. शेवटी तो सुमारे ५००° च्या आसपास ठेवून सावकाश थंड करतात. घाईने थंड केला तर आतल्या ताणाने फुटतो.

३. प्राचीन जगातील दोन चेहरे

प्राचीन काळी चेहऱ्याचे मणी दोन निरनिराळ्या पद्धतींनी होत. इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात फिनिशियन आणि कार्थेजच्या जगात काचेची लहान शिरे गळ्यात घालत. मोठे डोळे, दाढी, कपाळावर केसांची वळणे. ही शिरे सळईवर काचेचे थर आणि तुकडे चढवून, एकेक करून घडवलेली आहेत. आजच्या लॅम्पवर्कचा बर्नर तेव्हा नव्हता. पण मऊ काचेला एकेक अवयव जोडत जाण्याची कल्पना तीच.

रोमन काळातील पद्धत वेगळी होती. रंगीत काचेच्या कांड्या अशा रचत की आडव्या छेदात चेहरा दिसावा. मग ती जुडी तापवून लांब ओढत. चित्र बारीक होत जाई, पण मोडत नसे. त्या कांडीचे काप काढून मण्यात बसवत. त्यामुळे एका कांडीतून निघालेले सारे चेहरे जवळजवळ सारखे असतात. दक्षिण कोरियातील ग्योंगजू येथे सिल्ला राज्याच्या थडग्यात सापडलेला सुमारे १.८ सें.मी. व्यासाचा मणी याच जातीचा आहे. त्यावर माणसांचे चेहरे आणि पक्षी आहेत. तो जावा बेटावर तयार झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे इवल्याशा मण्याने समुद्रमार्गांचा इतिहास जपला आहे.

संग्रहालयात चेहऱ्याचा मणी पाहाल तेव्हा आधी हे विचारा: हा चेहरा मण्यावर घडवला आहे, की कांडीत रचून कापला आहे? पहिला असेल तर तो एका हाताचा, एका क्षणाचा. दुसरा असेल तर तो पुनरावृत्तीचा.

४. दिल्लीचा परिसर आणि भारतीय काच

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठ जिल्ह्यात हस्तिनापूर आहे. ब्रजबासी लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात तेथे उत्खनन केले. चित्रित राखाडी मृद्भांड्यांच्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. उत्तर भारतातील काचेच्या प्राचीन पुराव्यांत त्यांची गणना होते. मराठी वाचकांनी मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे नावही लक्षात ठेवावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी जोडलेल्या या संशोधकाने मण्यांवर काम केले. भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला.

काच इतकी जुनी आणि मण्यांचे उत्पादन इतके मोठे, तरी भारतीय काचमण्यांचा फार मोठा भाग चेहऱ्याविना का? त्याची तीन संभाव्य कारणे मांडता येतात.

पहिले, भारतीय मण्यांची ताकद संख्येत होती. ओढलेले छोटे एकरंगी मणी हिंदी महासागरभर गेले. त्या व्यापाराला सारखेपणा हवा होता.

दुसरे, काचेकडून रत्नाची नक्कल अपेक्षित होती. लाल मणी माणकासारखा, निळा नीलमण्यासारखा दिसला की पुरे.

तिसरे, चेहऱ्याची गरज माती भागवत होती. मथुरा आणि कौशांबी येथील भाजक्या मातीच्या मूर्ती पाहा. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील सातवाहनकालीन मूर्ती पाहा. साच्यातून निघालेल्या त्या चेहऱ्यांवर स्मित, केशरचना, दागिने सारे काही आहे. माती स्वस्त होती आणि साचा पुन्हापुन्हा वापरता येत होता.

मंगळसूत्रातले काळे मणी आठवा. त्यांना चेहरा नाही, पण अर्थ पूर्ण आहे. मणी अर्थवाही होण्यासाठी त्यावर चेहरा असावाच लागतो, असे नाही.

५. आजचा कारागीर

आज दिल्लीच्या बाजारात येणाऱ्या काचमण्यांमागे उत्तर प्रदेशातील गावे आणि शहरे आहेत. फिरोजाबाद बांगड्यांसाठी, हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर मण्यांसाठी, तर वाराणसी ज्योतीवरच्या मण्यांसाठी ओळखले जाते. वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकनही आहे. फिरोजाबाद आणि हाथरस हे ताजमहालाभोवतीच्या सुमारे १०,४०० चौ. कि.मी. संरक्षित पट्ट्यात येतात. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पट्ट्यातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचा किंवा स्थलांतर करण्याचा आदेश दिला. संगमरवर वाचवण्यासाठी दिल्लीत झालेल्या या निर्णयाने काचेच्या भट्ट्यांचे अर्थशास्त्र बदलले. इंधनाचा इतिहास हा कलेच्या इतिहासाचाच भाग असतो, तो असा.

माल विकण्याच्या जागाही दिल्लीभोवतीच आहेत. फरिदाबादच्या सूरजकुंडात १९८७ पासून हस्तकला मेळा भरतो. ग्रेटर नोएडात परदेशी खरेदीदारांसाठी हस्तकला प्रदर्शने होतात. पण माल नगावर किंवा वजनावर मोजला जातो, तेव्हा चेहऱ्याचा मणी अडचणीत येतो. जितक्या वेळात एक चेहरा उभा राहतो, तितक्या वेळात साधे मणी कितीतरी होतात. दर वेळेनुसार वाढला नाही, तर कारागीर भाव गाळतो. पापणी जाते, ओठ एका रेषेचे होतात, उरतात फक्त दोन ठिपके. याला कौशल्याचा ऱ्हास म्हणण्याआधी दर तपासा. वेष्टनावर ‘हाताने बनवलेले’ असे छापलेले असते, पण कोणाच्या हाताने, हे सहसा नसते. मण्याला चेहरा मिळतो आणि तो घडवणारा निनावीच राहतो. कार्थेजच्या शिरांबाबतही हेच घडले. तेव्हाच्या कारागिरांची नावे आता मिळणार नाहीत. आजच्या कारागिरांची नोंद मात्र करता येते, आणि ते काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे आहे.

सारांश

काचमण्यावरील भावदर्शी चेहरा हा एकेक मणी घडवण्याच्या तंत्राचा परिणाम आहे. भारतीय काचपरंपरेने संख्या, रंग आणि सारखेपणा यांना महत्त्व दिले, तर चेहरा मुख्यतः मातीत घडला. आज ज्योतीवरच्या कामामुळे चेहरा काचेत शक्य आहे, पण तो टिकेल की नाही हे वेळेचा मोबदला कसा ठरतो यावर अवलंबून आहे.

स्वाध्याय

१. घडवलेला चेहरा आणि कांडीतून कापलेला चेहरा यांतील फरक उत्पादनव्यवस्थेच्या दृष्टीने स्पष्ट करा.
२. तुमच्या जवळच्या बाजारातील पाच काचमणी घ्या. प्रत्येक मणी कोणत्या रीतीने झाला असेल, ते भोक, कड आणि रंगरेषा पाहून लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराशी त्याच्या संमतीने बोला. एका वस्तूला लागणारा वेळ आणि मिळणारा दर यांची नोंद करा.