कार्टरपुरी, विक्रोळी, मळवली

डेराबस्सीचं धुकं आपल्या लोणावळ्याच्या धुक्यासारखं नाही. आपलं पावसाबरोबर येतं, थोडं खेळतं आणि जातं. इथलं डिसेंबरअखेर अंबाला–चंदीगड रस्त्यावर ठाण मांडून बसतं, पुढचा ट्रक त्याच्या हॉर्नवरून ओळखायचा. अशाच एका सकाळी, ३० डिसेंबर २०२४ ला, चहाच्या मगावर हात शेकत बसलो होतो. मोबाईलवर बातमी आली की अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर गेले. वय शंभर.

शेजारी गुडगावकडचा एक हवालदार होता. म्हणाला, "अरे, ये तो अपने वाले थे!" त्याच्या घराजवळच्या एका गावाचं नावच कार्टरपुरी आहे. पूर्वीचं नाव दौलतपूर नसीराबाद. ३ जानेवारी १९७८ ला अध्यक्ष असताना कार्टर पत्नी रोझलिनसह त्या गावात आले होते, त्यावरून नाव बदललं. मग त्याने गावाकडची कथा सांगितली: कार्टरांची आई नर्स होती, तिने फार पूर्वी याच गावात सेवा केली होती, म्हणून मुलगा आईचं गाव बघायला आला.

मी म्हटलं, "भाऊ, गाव तुमचं खरं, पण आई आमच्याकडे होती. विक्रोळीला."

त्याला ते पटलं नाही. मला मात्र विषय मिळाला, कारण कार्टरांचा आणि आमच्या मावळाचाही एक हिशेब आहे.

आधी आईचं. लिलियन कार्टर यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा. तारीख बघा. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावात नर्स म्हणून काम केलं, नवरा १९५३ मध्ये गेला, मुलं मोठी झाली. १९६६ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, बाईंनी पीस कोअरमध्ये नाव नोंदवलं. केनेडींनी १९६१ मध्ये सुरू केलेली ही योजना मुख्यतः कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांसाठी होती. आपल्याकडे त्या वयात बायका गुडघे चोळत नातवंडं सांभाळतात. या बाई विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या, कुटुंबनियोजनाच्या कामाला लागल्या, मग तिथल्या दवाखान्यात रमल्या. १९६८ मध्ये परत गेल्या. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेच्या वतीने त्या दिल्लीला आल्या, तेव्हा मुलगा अध्यक्ष होता. त्या फेरीत वाट वाकडी करून विक्रोळीलाही जाऊन आल्या. एवढी मोठी बदली झाल्यावरही जुन्या पोस्टिंगला भेट देणारी माणसं मला आवडतात.

मुलगा आपल्यातलाच, म्हणजे वर्दीतला. १९४६ मध्ये अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडला, पाणबुड्यांवर होता. १९५२ च्या डिसेंबरमध्ये कॅनडात चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली, तेव्हा ती उघडून साफ करणाऱ्या तुकडीत लेफ्टनंट कार्टर होते. किरणोत्सर्गामुळे आत काही सेकंदच थांबता यायचं, म्हणून भट्टीची हुबेहूब प्रतिकृती बाहेर उभी करून प्रत्येकाने कुठला बोल्ट फिरवायचा याची रंगीत तालीम केली. ड्रिलचं महत्त्व ज्याला कळत नाही त्याला ही गोष्ट सांगावी.

वडील वारले, नौदल सुटलं, शेंगदाण्याची शेती आली, मग राजकारण. १९८० ची निवडणूक हरून घरी आले तेव्हा वय छप्पन्न. प्लेन्सजवळच्या अमेरिकस गावात १९७६ पासून 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था होती, मिलर्ड आणि लिंडा फुलर या दाम्पत्याची. ख्रिस्ती श्रद्धेतून निघालेली, पण घर कोणाला द्यायचं यात धर्म विचारत नाही. तिचा नियम मला कळीचा वाटतो. घर फुकट नाही. ज्याचं घर त्याने स्वतः अंगमेहनत करायची आणि बिनव्याजी कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचं. ते पैसे पुढच्याच्या घराला. स्वयंसेवक येतो तो घरमालकाच्या हाताखाली हात द्यायला. सप्टेंबर १९८४ मध्ये कार्टर जॉर्जियाहून बसने न्यूयॉर्कला गेले आणि एका पडक्या सहा मजली इमारतीत एकोणीस कुटुंबांच्या घरांसाठी हातोडा चालवला. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी एक आठवडा, कुठल्या ना कुठल्या देशात.

२००६ मध्ये पाळी आली मावळाची. मळवली स्टेशनजवळ, विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी, पाटण गावाच्या हद्दीत शंभर घरं. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस आणि नोव्हेंबरचे पहिले. परदेशातून आणि देशातून आलेले सुमारे दोन हजार स्वयंसेवक. कार्टर ब्याऐंशी वर्षांचे, रोझलिन एकोणऐंशीच्या. ब्रॅड पिट तेव्हा पुण्याकडेच होता, तोही येऊन विटा लावून गेला. वर्तमानपत्रांनी त्याचाच फोटो मोठा छापला, ते ठीकच.

मी दिवाळीच्या सुट्टीवर होतो. कार्ला फाट्याकडून मोटारसायकल काढली, पण मळवलीच्या आधीच पोलिसांनी अडवलं. आयकार्ड दाखवलं. हवालदार म्हणाले, "जवान आहात, मान आहे, पण पास नाही." लांबूनच टोप्या घातलेली माणसं दिसली, एवढंच माझं दर्शन.

संध्याकाळी मामाकडे गेलो. मामा गवंडी, उभ्या मावळात त्याच्या हातच्या भिंती आहेत. तो पान लावत म्हणाला, "पाच दिवसांत घर? अरे, नुसतं पाणी मारायला सात दिवस लागतात. आणि त्या एका माणसाच्या विमानाच्या तिकिटात माझी एक खोली उभी राहिली असती." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

मामाचं गणित चुकीचं नव्हतं. पाया आधी कोणीतरी स्थानिक गवंड्यांनीच भरलेला असतो, आणि पाहुणे गेल्यावर उरलेलं तेच पुरं करतात. परदेशी स्वयंसेवकाच्या हातची भिंत ओळंब्यात आहे की नाही हे शेवटी मामासारख्यालाच बघावं लागतं. पण आमचे एक उस्ताद किल्लारीला होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर. ढिगारे उपसून उपसून त्यांच्या नखांत माती बसली होती. ते सांगायचे, पुढे बावन्न गावं नव्या जागी, आखीव रस्त्यांची, ठेकेदारांकडून बांधून झाली, आणि बरीच माणसं त्या घरांत पाहुण्यासारखी वावरत होती. दुसरीकडे हजारो कुटुंबांनी सरकारी मदत घेऊन आपलं घर आपणच दुरुस्त करून घेतलं, ते त्यांना आपलं वाटलं. मळवलीत घरमालकीण त्याच ओळीत घमेलं घेऊन उभी होती, म्हणून तिकिटाचा हिशेब मी मामाइतका कडक धरत नाही. जगभरच्या माणसांना ती ओळ बघायला मिळाली, हेही त्या तिकिटातच आलं. कार्टर दांपत्याने असे चौदा देशांत चार हजारांहून जास्त घरांना हात लावले. हा माणूस साइटवर फोटोसाठी रेंगाळणाऱ्यांना दटावायचा म्हणतात.

आणि मी? वीस वर्षांच्या नोकरीत बंकर बांधले, पुरात दुसऱ्यांच्या घरातला गाळ उपसला. स्वतःचं घर सध्या गावी चढतंय आणि त्यातली एक वीट माझ्या हातची नाही. बायको सिमेंटच्या गोण्या मोजते, मामा सत्तरी ओलांडून परातीवर बसून पोरांना ओरडतो. मी डेराबस्सीतून फोनवर विचारतो, पाणी मारलं का?

त्या सकाळी हरियाणाच्या हवालदाराशी वाद अर्धवट सोडून मामाला फोन लावला. कार्टर गेले म्हटलं. त्याला आठवलं. "तो म्हातारा? अरेरे. शेवटपर्यंत बांधत होता म्हणे." मग थोडं थांबून, "तुझा स्लॅब पंधरा तारखेला. येतोस?"

छुट्टीचा अर्ज दिला होता, पण मंजूर झाली ती वीस तारखेनंतरची, बारा दिवसांची. स्लॅब हुकला. मामा म्हणाला, हरकत नाही, प्लास्टरच्या वेळी ये, वाळू चाळायला माणूस कमी आहे.